पास्कोल सरांची गाडी आणि माझी पत्र्याची पाटी

वसई-विरारमध्ये नव्वदच्या दशकात ज्यांनी फ्लॅट घेतला, त्यांनी जरा उठून आपल्या खिडकीच्या ग्रिलचा खालचा उजवा कोपरा बघावा. रंगाचे चार थर खरवडल्यावर तिथे दोन बोटं रुंदीची पत्र्याची पाटी निघाली तर ते ग्रिल माझं. नाही निघाली तर दुसऱ्या कुणाचं, आणि ते एव्हाना गंजलेलं असणार. मी गर्वाने बोलतोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. सातिवलीच्या गाळ्यात तीस वर्षं धूर खाल्ला आहे, एवढा गर्व मला परवडतो.

लोकांना वाटतं वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. अहो, ठिणगी म्हणजे वाया गेलेला माल! खरं काम दिसतच नाही. लोखंड तापलं की फुगतं, थंड होताना आक्रसतं, आणि आक्रसताना शेजारच्यालाही ओढून घेतं. म्हणून आधी चार कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे. मग सुतळी घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले की गेट जागेवर टांगून, उघडून-मिटून बघायचं, आणि मगच पूर्ण वेल्ड मारायचा. माझ्या गाळ्यात हा नियम देवाच्या फोटोच्या वरती होता. तो मी आयुष्यात एकदाच मोडला, त्याचीच ही गोष्ट आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. विरारच्या एका बाईंनी ग्रिलला छोटी खिडकी करून मागितली, पितृपक्षात कावळ्याला आत येता यावं म्हणून. माप विचारलं तर म्हणाल्या, "कावळ्याचं!" पण गाडी घेऊन कुणी आलं नव्हतं. माझ्याकडे गाडीचं काम कोण आणणार? मी गेटवाला.

पास्कोल सर आले ते दुपारी, छत्री आणि कागदाची लांब गुंडाळी घेऊन. वसईच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. अंगाने भरलेले, शर्टाच्या खिशाला लाल पेन्सिल. आत आले ते सरळ एका तयार गेटपाशी गेले, वेल्डवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दहापैकी सात. इथे हात हलला आहे."

माझं डोकंच फिरलं. "सर, गेट घ्यायचंय की पेपर तपासायचेत?"

"मला वेल्डिंग शिकायचं आहे," सर म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी गुंडाळी उलगडली. त्यावर गाडीचं चित्र होतं, पन्नासच्या दशकातली छोटी विलायती गाडी, दोन दारांची, गोल पाठीची. चित्र इतकं सुंदर की मी हात पुसून मग कागदाला लावला.

गाडी त्यांच्या बायकोची होती. रोझी सिस्टर सुईण-नर्स. वसईच्या गावागावांत, वाड्यांत, कोळीवाड्यांत ही बाई स्वतः गाडी चालवत बाळंतपणं करायला जायची. त्या काळात साडी नेसलेली बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर पोरं मागे धावायची, आणि त्यातली निम्मी पोरं तिच्याच हातची असायची. निवृत्त झाली तेव्हा तिने गाडी परसातल्या शेडमध्ये लावली आणि सरांना एवढंच सांगितलं, "नीट झाकून ठेव."

सरांनी झाकली. पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना लावतात तशा झावळ्या लावल्या, त्यावर प्लास्टिक, त्यावर आणखी झावळ्या, आणि सुतळीने घट्ट बांधून टाकली. इतकी घट्ट की आत हवा शिरेना. पण खारट दमट हवा आधीच आत बसली होती, ती बाहेर कशी पडणार? काही वर्षांनी सुतळी सोडली तेव्हा वरून गाडी ठीक होती आणि खालून चाळण झाली होती.

"रोझीने बघितलं," सर म्हणाले. "एवढंच म्हणाली, आता ती गाडी तुझी. त्याला अकरा वर्षं झाली, मिस्त्री. अकरा वर्षांत ती शेडकडे फिरकली नाही. बाकी सगळं बोलते. मासळी, चर्च, माझं पोट. गाडीबद्दल एक शब्द नाही."

आता घाई का? तर घराची जागा सिस्टरच्या भावाची आणि त्यांची सामायिक. तिथे इमारत उठणार होती. भाऊ म्हणजे सायमनभाऊ. माणूस वाईट नाही, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं: पाया खणायचा दिवस ठरला की त्याच सकाळी भंगारवाल्याचा टेंपो येणार. टोचन लावून दुसऱ्या गाडीमागे ओढत न्यावी म्हटलं, तर पुढचा अर्धा भाग आला असता आणि मागचा शेडमध्येच राहिला असता. मोटारींच्या पत्र्याचं काम करणाऱ्या तीन डेंटरांनी हात जोडले होते.

"तुम्ही बाजूला बसा, मी करून देतो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, चित्र बघून मलाच खाज सुटली होती. या गाडीवर आपली पाटी बसली तर!

"नाही. मी माझ्या हाताने सडवली आहे. मीच जोडणार," सर म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे, छत्रीची मूठ उगाच पुसत होते.

झालं, शिकवणी सुरू झाली. सर महिनाभर सकाळी सातिवलीला यायचे. पहिल्या दिवशी सांगितलं, रॉड टेकवण्याआधी काळी काच डोळ्यांपुढे धरायची. सरांनी काच धरली, पण रेघ सरळ जातेय का ते बघायला काचेच्या बाजूने डोकावले. चित्रकार माणूस, रेघ न बघता काढणार कशी? संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन रडायला लागले. आम्ही वेल्डर लोक अशा वेळी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवतो. सर तशाच चकत्या धरून रिक्षाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सांगत होते, रोझीने चकत्या काढून फेकल्या, डोळे धुतले, थेंब घातले आणि काय करत होतास म्हणून विचारलंसुद्धा नाही. त्या न विचारण्याचंच सरांना फार लागलं होतं.

स्वतःच्या कामाला ते स्वतःच गुण द्यायचे. पहिल्या आठवड्यात शून्य, एक, शून्य. मी म्हणायचो, "सर, शून्याखाली काही आहे का तुमच्यात?" गाडीचा पत्रा पातळ असतो. आमच्या ग्रिलच्या हाताने रॉड टेकवला की भोक पडतं, आणि भोक बुजवायला गेलो की मोठं भोक पडतं. बारीक रॉड, कमी करंट, टिचकी मारल्यासारखा टाका, मग थांबायचं. ते मलाही नव्यानेच शिकावं लागलं, पण सरांना कळू दिलं नाही.

मग मशीन टेंपोत टाकून त्यांच्या परसात नेलं. मशीन सुरू केलं की घरातले दिवे मंद व्हायचे आणि शेजारच्यांचा टीव्ही आक्रसायचा. शेजारी ओरडायचे. सिस्टर मात्र स्वयंपाकघरातून एक शब्द नाही. चहा यायचा, तोही पायरीवर ठेवलेला. पायरीच्या पुढे तिचं पाऊल पडायचं नाही.

आता जरा नीट ऐका, कारण आमची माती इथे झाली. या गाडीला ट्रकसारखी खाली सांगाड्याची चौकट नव्हती. दोन्ही दारांच्या खाली पत्र्याची एकेक लांब पोकळ पेटी असते, तोच तिचा कणा. त्या दोन्ही पेट्या सडल्या होत्या. आम्ही काय केलं? गाडी पुढे आणि मागे नारळाच्या ओंडक्यांवर चढवली. मधे अडचण नको म्हणून दारं काढून भिंतीला टेकवली. आणि एका दिवसात दोन्ही पेट्या कापून काढल्या. कणा काढलेली गाडी दोन टोकांवर राहिली आणि मधे हळूच बसली, दोन बोटं. डोळ्याला दिसली नाही.

त्यानंतर सरांनी मापं घेतली. त्यानंतर! तीन दिवस बसून चित्र काढलं, समोरून, वरून, बाजूने, प्रत्येक माप लाल पेन्सिलीने. मी त्या चित्राबरहुकूम नव्या पेट्या वाकवल्या, केसाचा फरक नाही. चित्र अगदी हुबेहूब होतं, वाकलेल्या गाडीचं हुबेहूब. कर्ण मोजायचं माझ्याही मनात आलं नाही, कारण चित्राला मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले होते.

पेट्या बसल्या. वेल्डिंग झालं. सायमनभाऊंचा सोमवारचा निरोप आला होता आणि हातात चार दिवस होते, त्या गुरुवारी सकाळी आम्ही दारं चढवली. डावं दार वर अडकलं. मी म्हटलं, नवीन आहे, बसेल. कमरेने रेटा दिला, लाकडी हातोड्याने दोन ठोके दिले, बसलं. सर खूश. उजवं दार त्याहून हट्टी. सर म्हणाले, "मी आतून ओढतो, तुम्ही बाहेरून ढकला." आत बसले, स्टिअरिंगच्या मागे. मी तीन पावलं मागे जाऊन खांदा मारला. धाडकन बसलं.

"बसलं!" सर आतून ओरडले.

"उघडून बघा!" मी बाहेरून ओरडलो.

ते उघडेना. डावंही उघडेना. हँडल फिरवा, ठोका, पहार घाला, काही नाही. सर आत, मी बाहेर, आणि मधे माझंच वेल्डिंग. इतकी घट्ट दारं मी गेटच्या धंद्यात कधी बसवली नव्हती. खिडकीची काच खाली जायची, पण दोन तृतीयांशच. अर्धा तास खटपट केली. सर घामाने निथळत होते, तरी मला धीर देत होते. शेवटी मी ग्राइंडर उचलला.

"कापाकापी नको!"

मागे वळून बघतो तर रोझी सिस्टर. हातात करंदी सोलायचं सूप, डोळ्यांवर चष्मा. अकरा वर्षांनी शेडमध्ये पाय ठेवला होता. गाडीकडे बघितलंच नाही, सरळ नवऱ्याकडे बघितलं.

"किती वेळ झाला आत?"

"पाऊण तास," मी म्हटलं. माझा आवाज बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलेल्या बापासारखा निघाला.

"पाणी दिलं?"

"नाही."

"शाणेच आहात दोघं. ग्राइंडर खाली ठेवा. नॉर्मल होईल." तिने सूप मला दिलं, आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली आणि बाह्या वर केल्या. "पास्कू, शर्ट काढ."

"रोझी, शेजारी बघतायत."

"बघू देत. निम्म्यांना मीच बघितलंय पहिल्यांदा. काढ!"

कुंपणावर खरंच आठ-दहा डोकी जमली होती. सिस्टरने खिडकीच्या कडांना आणि सरांच्या खांद्यांना तेल चोळलं. "पाय आधी काढायचे नाहीत. डोकं आधी. हां. आता एक खांदा, तिरका हो. हात अंगाला लाव. मिस्त्री, डोकं धरा. ओढायचं नाही! नुसतं धरायचं, जड चेंडू धरल्यासारखं."

मी सरांचं डोकं धरलं. सर माझ्याकडे उलटे बघत होते.

"पास्कू, आता जोर करू नकोस. तोंडाने श्वास घे. अजून. पोट आत." सर लालबुंद झाले होते. "आता! आता लाव जोर!"

पोट क्षणभर अडलं आणि सुटलं. सर सगळेच्या सगळे माझ्या अंगावर आले आणि आम्ही दोघं झावळ्यांच्या ढिगात पडलो. कुंपणावरून टाळ्या पडल्या. सिस्टरने सरांच्या पाठीत एक जोरदार थाप मारली आणि म्हणाली, "रडला नाही, पण रंग ठीक आहे."

मग ती वळली आणि गाडीच्या टपावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. नंतर तिने वाकून दाराची फट बघितली, वर बोट शिरत नव्हतं, खाली अंगठा जात होता.

"मिस्त्री, तुम्ही गेटं करता ना? मग गेट आधी टांगून बघता की आधी जोडून टाकता?"

आयुष्यात लई जणांनी शिव्या घातल्या, पण असा घाव कुणी घातला नाही. तोवर वीस वर्षं पाळलेला नियम, देवाच्या फोटोच्या वरती लावलेला, आणि एका नर्सने करंदीच्या हाताने माझ्या नाकासमोर धरला. मी मान खाली घातली. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

"सोमवारी टेंपो येणार आहे, रोझी," सर कसंबसं म्हणाले.

"मला माहीत आहे कधी येणार ते," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "हिराजी तांडेलाकडे जा. त्याला सांगा मी पाठवलंय."

हिराजी तांडेल पाचूबंदरचा. त्याची होडी दुरुस्तीला किनाऱ्यावर चढवलेली होती. त्याच्याकडे वजन उचलायची साखळीची पुली होती, ती मागायला आम्ही गेलो. गाडी कशी ठेवली होती ते सरांनी वाळूत चित्र काढून दाखवलं. हिराजीने चित्राकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"दोन टोकांवं ठेवली? मधी टेका नाय?" तो म्हणाला. "अरे, होडी अशी ठेवली त कना मोडल तिचा! कोन शिकवलं तुमाला?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी सरांकडे. पुली मात्र त्याने लगेच दिली. त्याची तिन्ही मुलं सिस्टरच्या हातची, तिसरं तर त्याच गाडीच्या मागच्या सीटवर, अर्ध्या वाटेत झालेलं.

पुढचे तीन दिवस मी सातिवलीचं शटर उघडलं नाही. बिजागऱ्या कापून दारं मोकळी केली, पेट्यांचे टाके तोडले. शेडच्या तुळईला पुली बांधली आणि गाडी मधून उचलली, एकेक कडी. दाराच्या जागेत ग्रिलच्या पट्ट्यांचे तिरके आडवे टेके मारले. सुतळीने कर्ण मोजले. दोन बोटं, दीड, एक, अर्धं. दोन्ही सुतळ्या सारख्या भरल्या तेव्हा सरांनी लाल पेन्सिल काढून भिंतीवर बरोबरची खूण केली. मग दारं टांगली. उघडली. मिटली. आणि मगच वेल्ड मारला, टाका इकडे, टाका तिकडे, घाई नाही.

चालकाच्या दाराखालची शेवटची वीतभर शिवण सरांनी मारली. मी जवळ उभा होतो, हात शिवशिवत होते. शिवण अशी झाली की गांडूळ बरं. मी ग्राइंडर पुढे केला, "घासून पुन्हा मारू?"

"धरलंय ना?" सरांनी विचारलं.

मी हातोडीने ठोकून बघितलं. धरलं होतं, आणि चांगलं धरलं होतं.

"मग राहू द्या. दहापैकी तीन," सर म्हणाले, आणि काच बाजूला ठेवून जमिनीवरच बसले.

त्या शिवणीच्या शेजारी मी जागा राखून ठेवली होती. खिशात माझी पत्र्याची पाटी होती, गाळ्याचं नाव ठोकलेली, नवी कोरी.

सोमवारी सकाळी टेंपो आधी आला. भंगारवाला फाटकाशी उभा, सायमनभाऊ घड्याळ बघत, खोदणारे कुदळी घेऊन. नाक्यावरच्या मेकॅनिकने आदल्या दिवशी ब्रेक बघून दिले होते. इंजिन सर अकरा वर्षं दर पंधरवड्याला न चुकता चालू करत होते, तेवढं एक काम त्यांनी नीट केलं होतं. इमारत होईतो गाडीला माझ्या गाळ्यात जागा केली होती. हिराजीची पुली परत द्यायची म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर टाकली होती. आता चालवणार कोण? सरांना गाडी चालवता येत नाही, कधीच येत नव्हती, आणि मलाही नाही. मी कपाळाला हात लावला. महिनाभर घासलं, आणि हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता!

तेवढ्यात रोझी सिस्टर पायऱ्या उतरून आली. पांढरी साडी, हातात जुनी पर्स. पर्समधून लायसन काढलं आणि भावापुढे धरलं. चालू लायसन. अकरा वर्षं ती ते दरवेळी जाऊन नवं करून आणत होती. सरांना ठाऊकच नव्हतं.

ती आत बसली. दार मिटलं, टक् असा आवाज झाला. सर इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, पण तिने त्यांना बोलावलं नाही, आणि त्यांची विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी जाऊन फाटक उघडलं आणि बाजूला उभे राहिले. गाडी त्यांच्या पुढून गेली, फाटकातून बाहेर, रस्त्याला लागली. सर खाली मान घालून फाटक लावायला लागले.

पुढे वीस पावलांवर गाडी थांबली. हॉर्न वाजला. आम्ही बघितलं. ती स्टिअरिंगवरून आडवी वाकली आणि आतून डावं दार ढकललं. ते दार, जे मी कमरेने आणि हातोड्याने बसवलं होतं, ते एका बोटावर उघडलं.

"पास्कू! पुली काय मी एकटी उतरवू पाचूबंदरला? ये! आणि दार हळू लाव."

सर धावत गेले. त्या वयात, त्या पोटानिशी धावत गेले. बसायच्या आधी वाकून दाराच्या फटीत बोट घालून बघितलं, वर आणि खाली, आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "मिस्त्री, सारखी आहे!"

"बस की रे आता!" सिस्टर म्हणाली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. भंगारवाला रिकाम्या टेंपोला टेकून बघत होता. त्याने मला विचारलं, "ये किसने बनाया, भाई?"

माझा हात खिशात गेला. पाटी हाताला लागली.

"मास्टरजी ने," मी म्हटलं. "खुद."

ती पाटी मी नंतर कुठल्याच गेटला लावली नाही. घरी हत्यारांच्या पेटीत आहे, अजून कोरी.